रिमोट कुणाच्या उशाशी

लग्न जमवताना आपल्याकडे पत्रिका पाहतात, गुण जुळवतात, हल्ली रक्तगटही विचारतात. मुलगा रात्री पंखा कितीवर ठेवून झोपतो, हे मात्र कुणी विचारत नाही. मग छत्तीसपैकी तीस गुण जुळलेलं जोडपं एप्रिलातल्या रात्री एकमेकांकडे पाठ करून झोपतं. कारण ना सासू असते, ना पैसा. एकाला पंखा पाचवर हवा असतो आणि दुसऱ्याला दोनवर.

आमच्याकडे हे प्रकरण जरा जास्तच चिघळलं, कारण माझं माहेर नागपूरचं आणि सासर गिरगावचं. उन्हाळा दोन्हीकडे असतो, पण तो एकच उन्हाळा नव्हे. नागपूरचा मे ४३-४४ अंशांवर सहज जातो आणि असतो ठणठणीत कोरडा. तिथे ऊन घरात घ्यायचंच नाही, हा पहिला नियम. सकाळी नऊच्या सुमारास खिडक्या लावायच्या, जाड पडदे ओढायचे, कूलरच्या टाकीत पाणी भरायचं. वाळ्याच्या ताट्या भिजून त्यांचा वास घरभर सुटला की दुपार सुरू झाली म्हणायची. बाहेर पडायचंच असेल तर डोक्याला दुपट्टा आणि खिशात कांदा. ऊन उतरल्यावर अंगणात पाणी मारायचं आणि मगच दारं उघडायची. गिरगावात पारा तेहतीस-चौतिसाच्या पुढे फारसा सरकत नाही, पण घाम येतो तो येतच राहतो, वाळायचं नाव नाही. तिथे सगळी भिस्त वाऱ्यावर. भर दुपारी खिडकी लावणं म्हणजे घरात कुणीतरी आजारी आहे, असा शेजाऱ्यांचा समज व्हायचा. लग्नानंतरच्या पहिल्या मे महिन्यात मी सकाळी नऊला खिडक्या लावत निघाले, आणि सासूबाई मागोमाग त्या उघडत आल्या. दोघीही सभ्य, त्यामुळे कुणीच काही बोललं नाही.

माझ्या बाबांना मुलीची दया आली. "एक कूलर पाठवून देतो बा, तुमच्याकडे भलतंच गरम होऊन राहिलं," असं ते फोनवर म्हणाले. त्यांची समजूत घालायला मला अर्धा तास लागला. कूलर हवा गार करतो तो पाण्याची वाफ करून. नागपूरची कोरडी हवा ते पाणी झटकन शोषते आणि गार होते. मुंबईच्या हवेत आधीच इतकी वाफ भरलेली असते की तिला आणखी पाण्याची गरजच नसते. मे महिन्यात गिरगावात कूलर लावला तर खोली गार न होता नुसती ओली होते. बाबांना पटलं, पण जावयाने आपली भेट नाकारली असा एक सूर पुढची दोन वर्षं त्यांच्या बोलण्यात राहिला.

पुढे आम्ही ठाण्याला आलो, सर्वांत वरच्या मजल्यावर. वरच्या मजल्याला वारा छान, असं इस्टेट एजंट सांगतो. डोक्यावरचा स्लॅब दिवसभर ऊन पीत राहतो आणि ते रात्री बारापर्यंत सावकाश परत करतो, हे तो सांगत नाही. मुलीच्या दहावीचं निमित्त झालं आणि एसी आला. "दीड टनाचा आहे," असं दुकानदार म्हणाल्यावर सासूबाई घाबरल्या. "अहो, भिंत पेलेल का?" त्या टनाचा वजनाशी काही संबंध नाही. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी उष्णता खोलीतून ओढून काढणारं यंत्र ते एक टनाचं. एसी नव्हते तेव्हा गारवा बर्फाच्या लाद्यांवर मोजायचे, त्याची ही खूण. एवढं ऐकूनही आईंनी पहिले काही दिवस त्या भिंतीखाली बसायचं टाळलं.

खरी गंमत अशी की हे यंत्र माणसांसाठी जन्मलंच नाही. १९०२ साली विलिस कॅरियरने ते ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी आखलं. दमट हवेत कागद फुगायचा, आकसायचा आणि एका रंगावर दुसरा रंग नेमका बसायचा नाही. कॅरियरने हवेतला दमटपणा आवरला आणि कागद शहाण्यासारखा वागू लागला. कागदाचं बरं असतं. त्याला सांधेदुखी नसते, आणि "मला आत्ता उकडतंय" असं तो म्हणत नाही.

आमच्याकडे पहिल्याच रात्री मुलीने रिमोट हातात घेऊन सोळा अंश लावले आणि नाकापर्यंत दुलई ओढली. आई उठून बसल्या.

"अगं, माझे पाय गारठले."

"आजी, चादर घे ना मग."

"उन्हाळ्यात चादर घ्यायची, तर एसी कशाला लावायचा?"

या प्रश्नाला मला आजवर उत्तर सापडलेलं नाही. नवऱ्याचं म्हणणं, सोळावर ठेवला की खोली लवकर गार होते, मग वाढवू. आमचा एसी इन्व्हर्टरवाला नाही. त्याचा कॉम्प्रेसर एक तर पूर्ण चालतो, नाही तर बंद असतो. त्यामुळे सोळा लावा की चोवीस, गार होण्याचा वेग तोच. सोळावर तो फक्त थांबत नाही, आणि "मग वाढवू" म्हणणारा माणूस तोवर घोरायला लागलेला असतो.

या भांडणाचंही एक शास्त्र आहे, हे कळलं तेव्हा मला फार हायसं वाटलं. पी. ओ. फँगर नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञाने १९७० साली माणसाच्या सुखावहपणाचं चक्क समीकरण पुस्तकात मांडलं. त्यात हवेचं तापमान ही सहांपैकी फक्त एक गोष्ट. बाकीच्या पाच म्हणजे भोवतालच्या भिंतींची ऊब, वाऱ्याचा वेग, दमटपणा, अंगावरचे कपडे आणि माणूस करत असलेली हालचाल. कपड्यांच्या उबेलाही 'क्लो' नावाचं माप आहे. सूट घातलेला माणूस साधारण एक क्लो. पुढे साडीचंही मोजमाप झालं, आणि पदर खांद्यांवरून लपेटून घेतला की ऊब बदलते, हे शास्त्राने मान्य केलं. आईंना हे कुणी सांगावं लागलं नव्हतं. पण या सगळ्यात मला आवडलेली गोष्ट वेगळी. सगळं अगदी जमून आलं तरी निदान पाच टक्के लोक कुरकुरणारच, असं फँगरचं समीकरणच सांगतं. चार माणसांच्या घरात पाच टक्के म्हणजे एका माणसाचा पाचवा हिस्सा. तेवढी कुरकुर आमच्याकडे नाश्त्याच्या आत संपते.

ऑफिसचं तर बोलायलाच नको. मे महिन्यात मी तिथे शाल पांघरून बसते. ऑफिसांच्या तापमानाचे ठोकताळे चाळीस वर्षांच्या, सत्तर किलोच्या पुरुषाला समोर ठेवून बांधलेले आहेत आणि बायकांच्या शरीरात त्या मानाने कमी उष्णता तयार होते, असं नेदरलँड्सच्या दोन संशोधकांनी २०१५ साली दाखवून दिलं. तो सत्तर किलोचा गृहस्थ आमच्या शेजारच्या केबिनमध्ये बसतो आणि कोट खुर्चीला टांगून ठेवतो.

सरकारनेही यात हात घालून पाहिला. १ जानेवारी २०२०पासून एसी सुरू केला की तो आपोआप चोवीसवर यावा असा नियम झाला. एकेक अंश वर चढवला तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, असा हिशेब त्यामागे आहे. मग जून २०२५मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहरलाल खट्टर यांनी जाहीर केलं की नवे एसी वीसच्या खाली आणि अठ्ठावीसच्या वर जाणारच नाहीत, अशी सोय करायचा विचार आहे. मला त्यांच्या धाडसाचं कौतुक वाटलं. इथे एका बेडरूममध्ये चौघांचं एकमत होत नाही.

आमच्या घरचा तह शेवटी आकड्यावर झालाच नाही. फँगरची यादी हातात धरून मी एका रविवारी खोलीकडे नीट पाहिलं, तेव्हा लक्षात आलं की चौघं एका खोलीत झोपत असलो तरी एका हवेत झोपत नव्हतो. मुलीचा पलंग पश्चिमेच्या भिंतीला चिकटलेला. रात्री दहा वाजता त्या भिंतीला हात लावला तर ताज्या भाकरीसारखी ऊब. तिचं सोळा म्हणजे हट्ट नव्हता. आईंची गादी बरोबर एसीच्या झोताच्या तोंडाशी, त्यामुळे त्यांना सव्वीसही हुडहुडी भरवणारे. नवरा पंख्याच्या थेट खाली. त्याला काहीही चालायचं आणि म्हणून तो सगळ्यांना समजुतीच्या चार गोष्टी सांगायचा. मग पलंग हलवले. आई भिंतीकडे गेल्या, मुलगी झोताकडे आली. "इथे कसं शेकल्यासारखं वाटतं पाठीला," असं आई दुसऱ्या दिवशी म्हणाल्या. एसी सत्तावीसवर, पंखा दोनवर, झोताची पट्टी छताकडे. नवरा कोपऱ्यात. त्याला आता उकडतं, आणि समजुतीच्या गोष्टी बंद झाल्या आहेत. रिमोट आईंच्या उशाशी असतो, कारण त्यांना तो चालवता येत नाही.

हे सुरळीत चाललं असतं. पण मुलीने परवा ऑनलाइन एक छोटा थर्मामीटर मागवला आणि आता तो कुठे टांगायचा यावर बोलणी सुरू आहेत. आईंना तो एसीच्या समोर हवा, म्हणजे किती गारठा असतो ते दिसेल. मुलीला पश्चिमेच्या भिंतीवर हवा. नवऱ्याला त्याच्या कोपऱ्यात. मी म्हटलं, स्वयंपाकघरात टांगा, ओट्याच्या वर. तिथे पोळ्या करताना पंखा लावता येत नाही, गॅस फडफडतो. संध्याकाळी सात ते आठ तिथे उभं राहून आकडा वाचायचा आणि मग सगळ्यांनी आपापलं म्हणणं मांडायचं. त्यावर अजून कुणी काही बोललेलं नाही.