पाच मिनिटांत धडा, म्हणे!

'कोडिंगची गरज नाही, पाच मिनिटांत इंटरॅक्टिव्ह धडा!' अशी धडे बनवण्याच्या साधनांची जाहिरात असते. ही पाच मिनिटं कुठल्या घड्याळातली, ते जाहिरातदारालाच ठाऊक.

समजा, पारनेर तालुक्यातल्या एखाद्या गुरुजींनी निघोजच्या रांजणखळग्यांवर प्रश्नमंजुषा करायला घेतली. कुकडी नदीच्या भोवऱ्यात गोटे गरागरा फिरले आणि त्यांनी काळा कातळ कोरला, विषय झकास. पॉवरपॉइंटमध्ये चार पर्याय टाकले, बरोबर उत्तराला टाळ्यांचा आवाज लावला. वर्गात पहिल्याच पोरानं पर्याय सोडून बाजूच्या मोकळ्या जागेत क्लिक केलं आणि स्लाइड पुढे पळाली. उत्तर न देताच पास! (परीक्षा मंडळानं नोंद घ्यावी.) यावर इलाज म्हणजे ट्रान्झिशन्समध्ये जाऊन 'ऑन माउस क्लिक'ची खूण काढायची. उत्तराची भानगड स्लाइड सरकवण्याच्या कप्प्यात सापडेल, हे कुणाच्या स्वप्नात येणार? मग प्रत्येक पर्यायाला वेगळी लिंक, चुकलेल्यांसाठी वेगळी स्लाइड, तिथून परतीचं बटण. हे प्रोग्रॅमिंग नाही तर काय भजन आहे? एमआयटीचं स्क्रॅच त्या मानानं प्रामाणिक. पोरांना रंगीत ठोकळे जोडायला देतं, पण हे प्रोग्रॅमिंगच आहे हे लपवत नाही.

तरी पॉवरपॉइंटची फाइल निदान आपल्याजवळ राहते. पण साधनच बंद पडलं तर? हलत्या-बोलत्या धड्यांसाठी एके काळी अडोबीच्या फ्लॅशचा केवढा दबदबा! 31 डिसेंबर 2020ला अडोबीनं हात काढून घेतला आणि 12 जानेवारी 2021पासून फ्लॅश प्लेअरनं धडे दाखवायलाच नकार दिला. धडा करणाऱ्याची चूक काय, तर सोप्या साधनावर विश्वास टाकला. अ‍ॅपलचं 1987चं हायपरकार्डही असंच, प्रोग्रॅमर नसलेल्यांचं लाडकं. 'मिस्ट'सारखा गाजलेला खेळ त्यात घडला. 2004मध्ये हायपरकार्डचीही विक्री बंद.

विकणारे दाखवतात ते धडा बनवणं. दोन वर्षांनी त्यातली एक चूक दुरुस्त करणं, शेजारच्या शाळेला तो देणं, नेट गेल्यावर चालवणं, यातलं काहीच डेमोत नसतं. गुरुजींची उन्हाळ्याची सुट्टी मात्र त्यातच जाते.

तेव्हा गुरुजी, पुढच्या प्रशिक्षणात डेमो संपून टाळ्या वाजल्या की उभं राहून एवढंच म्हणा: साहेब, आता वायफाय बंद करा, हा धडा पेनड्राइव्हवर घ्या आणि आमच्या शाळेतल्या जुन्या संगणकावर उघडून दाखवा.