डॉक्टरांची फियाट, सिंगल हँड

३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईतून 'प्रीमियर पद्मिनी' टॅक्सी कायमची हद्दपार झाली आणि महाराष्ट्रात फियाटप्रेमींचं पीक आलं. ज्यांनी जन्मभर तिच्या न लागणाऱ्या दारांना, टोचणाऱ्या स्प्रिंगांना आणि ड्रायव्हरच्या 'नाय जाणार'ला शिव्या घातल्या, तेच आता "काय गाडी होती हो, नुसतं लोखंड!" म्हणून उसासे टाकतात. लोखंड होतं हे खरंच. म्हणूनच तर आता गंज आहे.

आमचे एक स्नेही उसाशावर थांबले नाहीत. त्यांनी १९८६ ची पद्मिनी साठ हजारांत घेतली. "डॉक्टरांची गाडी आहे साहेब, सिंगल हँड. घर ते दवाखाना, बास," एजंट म्हणाला. जुन्या गाडीचा पहिला मालक नेहमी डॉक्टरच असतो. राज्यात एवढे डॉक्टर असताना प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या जागा रिकाम्या का, याचा तपास आरोग्य खात्याने एकदा या एजंटांकडे करावा.

टोचन लावून गाडी गॅरेजात गेली. मिस्त्रीने दारावर लोहचुंबक ठेवला. तो घरंगळून खाली पडला. दारात पत्रा कमी आणि लांबीच जास्त. चालकाच्या पायाखालची चटई उचलली तर थेट गॅरेजची फरशी दिसली. पॉलिश पेपर मारायला घेतला तसा क्रीम रंगाखालून निळा निघाला. निळ्याखाली टपावर पिवळा आणि दारावर काळा. बाहेर डाव्या बाजूला मीटर बसवायची भोकं बुजवलेली सापडली. डॉक्टरसाहेब बहुधा मीटर टाकून नाडी बघत असावेत.

"इंजिन खोलल्याशिवाय काय सांगता येणार नाही," मिस्त्री म्हणाला. १०८९ सीसीचं ते इंजिन खोललं. मग तो म्हणाला, "आता खोललंच आहे तर..." या अर्ध्या वाक्यावर मिस्त्रीच्या मुलांची शिक्षणं झाली आहेत. रिंगा, बेअरिंग, ऑइल सील, पंप. शिवाय हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलने जुने रबरी पाइप फुगतात, तेही बदला. ज्या कुर्ल्यात ही गाडी तयार व्हायची, त्याच कुर्ल्याच्या भंगारबाजारात आता तिचे पार्ट शोधायचे. तिथे 'ओरिजिनल' आणि 'ओरिजिनलसारखा' असे दोन भाव. दोन्ही एकाच पोत्यातून निघतात.

खरी मजा आरसी बुकात होती. गाडीवर एका पतसंस्थेचा बोजा निघाला. कर्ज कधीच फिटलेलं, पण पतसंस्थाच अवसायनात गेलेली. ना हरकत दाखला अवसायकाने द्यायचा, आणि तो आठवड्यातून एकदा बसतो. कुठे, ते सांगणारा त्या दिवशी रजेवर असतो. फेरनोंदणीचं शुल्क २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून एका उडीत ५,००० झालं, तो हिशेब वेगळा. "व्हिंटेज म्हणून नोंदवा की," कुणीतरी सुचवलं. त्यासाठी गाडीची पन्नाशी लागते. हिची चाळिशीच, म्हणजे फिरवायला म्हातारी आणि मिरवायला लहान.

यावर स्नेह्यांनी जालीम उपाय काढला: पार्टसाठी म्हणून आणखी एक पद्मिनी घेतली, भंगाराच्या भावात. बॅटरी लावून सहज किल्ली फिरवली, तर ती पहिल्या फटक्यात चालू! फक्त तिला कागदपत्रं नाहीत. म्हणजे एकीला कागद आहेत पण ती चालत नाही, दुसरी चालते पण तिला कागद नाहीत. चॅसी नंबर 'ॲडजस्ट' करायची तयारी मिस्त्रीने दाखवली, तेव्हा वहिनींनी प्रथमच या प्रकरणात तोंड घातलं. "अटक झाली तर जामिनाला मी येणार नाही. आलेच, तर रिक्षाने येईन."

सध्या दोन्ही गाड्या सोसायटीत शेजारी शेजारी उभ्या आहेत. न चालणाऱ्या वाहनाला पार्किंग शुल्क लावावं का, हा विषय वार्षिक सभेच्या पत्रिकेवर आठवा आहे. सातवा गच्चीच्या गळतीचा, आणि त्याच्यापुढे आमची सभा आजवर कधी गेलेली नाही.