चारशे सात एक्स्चेंजला घालावी काय? : एक प्रमाणमीमांसा

प्रस्तुत प्रबंधातला प्रश्न वरवर पाहता किरकोळ आहे. सांगोल्याच्या एका डाळिंबवाल्याच्या दारात टाटा ४०७ उभी आहे. पहिल्या चावीला चालू होते, भरल्या क्रेटनिशी चढ चढते, मालकाला तिने रस्त्यात कधी उभं केलेलं नाही. ती एक्स्चेंजला घालून नवी घ्यावी काय? अभ्यासासाठी नमुना म्हणून आमच्या दाजींची गाडी निवडली आहे. दाजींनी त्याला हरकत घेतलेली नाही, कारण त्यांना विचारलेलं नाही.

प्रारंभीच एक गोष्ट नोंदवली पाहिजे. सतत बिघडणाऱ्या गाडीबाबत हा प्रश्न उद्भवतच नाही. ती विकण्याचा निर्णय मालक घेत नसून मिस्त्रीचं बिल घेतं. ‘विकावी की ठेवावी’ ही घालमेल फक्त भरवशाच्या गाडीच्या वाट्याला येते. ज्या गाडीने काही त्रास दिला नाही तिच्यामुळेच दाजींची झोप उडाली आहे, ही विसंगती आजवरच्या अभ्यासकांच्या नजरेतून सुटलेली दिसते.

विषय क्षुल्लक म्हणून नाक मुरडणाऱ्यांसाठी थोडी पूर्वपीठिका. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. दोन मातब्बर नियतकालिकांनी तो क्षुल्लक ठरवून परत पाठवला. अखेर १९७० साली तो छापून आला आणि २००१ साली लेखकाला नोबेल मिळालं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : गाडीची खोड विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्या खोडीच्या धरून भाव करतो. त्या भावात चांगली गाडी द्यायला कोणी धजत नाही, आणि बाजारात उरतात त्या खोडीच्याच. सांगोल्याच्या रविवारच्या जनावरांच्या बाजारात हाच सिद्धान्त कोणताही हेडी एका चहावर सांगेल. चांगला खिल्लार वेशीच्या आत, सोयऱ्याधायऱ्यांतच खपतो. बाजारात दावणीला येतो त्याच्याकडे जरा निरखूनच बघावं लागतं. हे कळायला नोबेल लागत नाही; नोबेल मिळायला मात्र ते इंग्रजीत लिहावं लागतं.

आता मूळ चिकित्सेकडे वळू. न्यायदर्शनाने ज्ञानाची चार प्रमाणं मानली आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. गाडी भरवशाची आहे हे यांपैकी कशाने सिद्ध होतं?

प्रत्यक्ष म्हणजे धूर. काळा निघाला तर नोझल किंवा पंप, निळसर निघाला तर गाडी ऑइल पिते. चालत्या इंजिनावर ऑइलचं झाकण सैल करून ठेवतात. ते थडथडू लागलं की जाणकार मान हलवतात आणि मालक विषय बदलतो. दाजींच्या गाडीचं झाकण जागचं हललं नाही. मात्र किती किलोमीटर चालली हे प्रत्यक्षाने कळत नाही, कारण मीटरची केबल तुटलेली आहे. मीटर चालू असलेली जुनी ४०७ प्रस्तुत लेखकाने पाहिलेली नाही.

अनुमानाने एवढंच कळतं की जिथे पाटे नवे आहेत तिथे क्रेट पासिंगपेक्षा जास्त भरले जात होते. दाजींच्या गाडीचे पाटे नवे आहेत. याच्या पुढचं अनुमान करत नाही.

उपमान हे खरं समृद्ध प्रमाण. बैलाचं वय दातांवरून ठरतं : आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती, मग जुळलेला. जुळल्यानंतर दात पाहून उपयोग नसतो, मग चाल पाहायची, वशिंड पाहायचं, अंगावर हात फिरवला की कातडी कशी थरारते ते पाहायचं. आणि भाव तोंडाने बोलायचा नाही. उपरण्याखाली हात घालून बोटं दाबायची, म्हणजे भोवतीच्या शंभर माणसांना सौदा दिसतो पण आकडा कळत नाही. शोरूममध्ये नेमकं उलटं चालतं. तिथे आकडा भिंतीवर मोठ्या अक्षरांत असतो, आणि सौदा काय झाला ते घरी येऊन हप्त्यांचा कागद उलगडल्यावर कळतं. शिवाय तिथला तरुण फक्त दात पाहतो. “मॉडेल कितीचं?” एवढाच त्याचा प्रश्न. साल ऐकलं की तो मोबाइलमध्ये काहीतरी दाबतो आणि आकडा सांगतो. पहिल्या चावीला चालू होण्याचे वेगळे पैसे त्या मोबाइलमध्ये नाहीत. एकाच सालच्या दोन गाड्या, एक पोटच्या पोरासारखी सांभाळलेली आणि दुसरी तीन ड्रायव्हरांनी मिळून मारलेली, त्याच्या लेखी सारख्याच.

राहिलं शब्दप्रमाण, म्हणजे आप्तवाक्य. येथे दोन आप्त आहेत आणि त्यांच्यात मतभेद आहे. मिस्त्री म्हणतो, “मालक, ह्या इंजनाला कुणाचा हात लावू देऊ नका. बंद पडंल तवा बघू.” शोरूमवाला म्हणतो, “काका, बंद पडायच्या आत काढा, नंतर भंगाराचा भाव येईल.” मिस्त्रीला जुन्या गाडीत रस आहे आणि शोरूमवाल्याला नव्या, तेव्हा निःस्वार्थी आप्त कोणीच नाही. न्यायशास्त्रात आप्ताची व्याख्या करताना कमिशनचा विचार झालेला नाही, ही त्या शास्त्राची मर्यादा मानावी लागेल.

येथे एक सूक्ष्म शंका उभी राहते. दाजी ज्या गाडीला भरवशाची म्हणतात ती नेमकी कोणती? हौदा पंढरपूरला नवा बांधला. गिअरबॉक्स दुसऱ्या गाडीचा. टायर दोन वेळा रिमोल्ड. केबिनचा डावा दरवाजा वेगळ्याच रंगाचा. ‘मिलिंदप्रश्न’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो : आस म्हणजे रथ काय? चाकं म्हणजे रथ काय? मग रथ आहे तरी कुठे? राजाला कबूल करावं लागतं की ‘रथ’ हे या भागांच्या जुळणीला दिलेलं नुसतं नाव आहे. तो आरटीओत गेला असता तर त्याला हे कबूल करावं लागलं नसतं. आपल्याकडे हा प्रश्न कधीच निकालात निघाला आहे : चॅसी नंबर म्हणजे रथ. बाकी सगळं बदला, नंबरावर पेन्सिल घासून छाप निघाली की आत्मा कायम.

दुसरी शंका याहून गंभीर आहे. भरवसा गाडीचा की ड्रायव्हरचा? महाभारताच्या शल्यपर्वात युद्ध संपल्यावर श्रीकृष्ण अर्जुनाला आधी उतरायला सांगतो, मग स्वतः उतरतो, आणि रथ जागच्या जागी जळून राख होतो. अस्त्रांनी तो कधीचाच खलास झालेला होता. सारथी बसलेला होता म्हणून उभा होता. पांडवप्रताप लिहिणारे श्रीधरस्वामी याच तालुक्यातल्या नाझऱ्याचे, तेव्हा हा पुरावा स्थानिक मानायला हरकत नसावी. दाजी हिवाळ्यात गाडी पाच मिनिटं तापू देतात, उतारावर न्यूट्रल करत नाहीत, दर अमावस्येला लिंबू आणि त्याच मुहूर्तावर ग्रीस बदलतात. लिंबाचा भाग सोडून देऊ. पण गाडी विकली की दाजी काही सोबत जाणार नाहीत. मग गिऱ्हाईक विकत काय घेतं?

पूर्वपक्षही मांडला पाहिजे, नाहीतर प्रबंध एकांगी होईल. ४०७ पहिल्यांदा आली १९८६ साली, आणि तेव्हापासून जग बरंच पुढे गेलं आहे. आठ वर्षांपर्यंत मालगाडीचं पासिंग दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. पंधरा वर्षांनंतरची पासिंगची फी १ एप्रिल २०२२ पासून कितीतरी पटींनी वाढली. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, त्यामुळे नवी गाडी स्वस्त झाली. त्याच दिवशी दाजींच्या जुन्या गाडीचा भावही उतरला, पण ती जाहिरात कोणी केली नाही. नवीन गाडीत एसी आहे, पॉवर स्टिअरिंग आहे, १ एप्रिल २०२० पासूनचं बीएस-६ इंजिन आहे. अशा बऱ्याच गाड्यांना डिझेलखेरीज युरियाच्या पाण्याची निराळी टाकी असते. ज्या घरात पिकाला युरियाचं पोतं मिळायची मारामार, त्या घरात आता गाडीही युरिया मागणार. सेन्सर गेला तर मिस्त्री लॅपटॉप घेऊन येतो, आणि लॅपटॉपवाला मिस्त्री जतच्या माळावर रात्री अकराला येत नाही.

पूर्वपक्षातला सर्वांत बळकट मुद्दा आमच्या अक्काचा आहे. ती म्हणते, शेजाऱ्यांच्या दारात नवी उभी आहे. याचं खंडन कोणत्याही दर्शनात नाही.

तालुक्याचा स्वभावही ध्यानात घ्यावा. सांगोल्याने गणपतराव देशमुख यांना १९६२ पासून अकरा वेळा एकाच पक्षाकडून आमदार केलं. मधे १९७२ आणि १९९५ साली मतदारांनी एक्स्चेंज करून पाहिलं, आणि दोन्ही वेळा परत जुन्याकडेच आले. रेल्वेचंच बघा. देशातली शंभरावी किसान रेल २८ डिसेंबर २०२० रोजी सांगोल्याहूनच पश्चिम बंगालच्या शालिमारला सुटली, केवढा गाजावाजा झाला. पण बागेतून फलाटापर्यंत माल आणायला गाडी लागायची ती लागायचीच.

डाळिंबाचं गणित याहून निर्दय आहे. तेल्या, मर, आणि अलीकडे खोडाला बारीक भोकं पाडणारा भुंगेरा. या भुंगेऱ्याने तालुक्यातल्या कितीतरी बागा मुळापासून काढायला लावल्या. बाग एका हंगामात जाते. हप्ता साठ महिने राहतो. ज्या धंद्यात उत्पन्नाचा भरवसा नाही, त्या धंद्यात निदान गाडी तरी भरवशाची आणि फिटलेली असावी. दाजींच्या बोनेटवर फायनान्सवाल्याचं नाव नाही. मागे ‘आईवडिलांचा आशीर्वाद’ आहे. ‘हॉर्न ओके प्लीज’ होतं, ते २०१५ साली सरकारने बंदी घातल्यावर अर्धवट खरवडलं. ‘ओके’ अजून वाचता येतं.

तेव्हा सिद्धान्त असा : गाडी एक्स्चेंजला घालू नये. दाजींकडे विकण्याजोगी सर्वांत मौल्यवान वस्तू म्हणजे भरवसा, आणि शोरूमच्या पावतीवर त्याचा रकानाच नाही. ज्याचे पैसे मिळणार नाहीत ते फुकट द्यायचं, आणि वर पाच वर्षं हप्ते भरायचे, याला व्यवहार म्हणत नाहीत. पासिंग होत नाही असं आरटीओ सांगेल त्या दिवशी हा प्रबंध रद्द समजावा.

एवढं वाचूनही ज्यांना विकायचीच आहे त्यांना एक विनंती. टीटी फॉर्मवर कोऱ्या सह्या करून गाडी देऊ नका. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की गाडी पुढे कितीही हातांतून गेली, तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार. फॉर्म २९ आणि ३० भरा, कर्ज असेल तर ३५ भरा, आणि पुस्तकावरून स्वतःचं नाव गेल्याचं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पेढे वाटू नका.