किल्लेदार

दिवाळीतला किल्ला मुलं करतात, हा समज महाराष्ट्रात इतका पक्का आहे की तो तपासून पाहावा असं कुणाच्या मनातही येत नाही. दरवर्षी बालगोपाळांनी प्रतापगड साकारल्याच्या बातम्या येतात. शेजारच्या फोटोत बालगोपाळ धुतलेल्या हातांनी आणि विंचरलेल्या केसांनी उभे असतात. त्याच फोटोच्या कडेला, अर्धा कापला गेलेला, कोपरापर्यंत चिखलाने माखलेला एक चाळिशीचा गृहस्थ दिसतो. बातमीत त्याच्याबद्दल अवाक्षर नसतं. पुण्या-साताऱ्यात, कोल्हापूर-बेळगावात, डोंबिवलीच्या पार्किंगमध्ये, सहामाही संपल्यावर जिथे म्हणून माती भिजते तिथे हा गृहस्थ हजर असतो. त्याला आपण किल्लेदार म्हणू. माझं म्हणणं असं, की किल्ला त्याचाच असतो, त्याचाच असावा, आणि तो त्याचा असण्यात सगळ्यात मोठा फायदा त्याच्या पोरांचा होतो. यातलं शेवटचं कलम सहज गळी उतरणारं नाही, म्हणून पुराव्यानिशी बोलायला हवं.

आधी मालकीचं बघू. मुलाला किल्ल्याची आठवण होते ती शेवटचा पेपर टाकून घरी आल्यावर. किल्लेदाराने त्याच्या कितीतरी आधी कोपऱ्यावरच्या बांधकामावर पडलेल्या विटा हेरलेल्या असतात, तिथल्या वॉचमनशी ओळख वाढवलेली असते आणि धान्याच्या दुकानातून दोन गोणपाटं मागून आणून स्कूटरच्या डिकीत कोंबलेली असतात. ऑफिसात त्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकलेली असते. अर्जात कारण 'घरगुती' असतं, आणि ते खोटंही नसतं. जागा निवडताना तर तो थेट रामचंद्रपंत अमात्यांचा वारस शोभतो. गड बांधण्याआधी पाण्याची सोय बघा, गडावर मारा करता येईल असा दुसरा डोंगर शेजारी ठेवू नका, असं आज्ञापत्रात सांगितलेलं आहे. किल्लेदार या दोन्ही कलमांचं तंतोतंत पालन करतो. किल्ल्याची जागा पार्किंगमधल्या गाड्या धुवायच्या नळापासून बादलीच्या टप्प्यात असते, आणि 'डी' विंगमध्ये कुणी दुसरा किल्ला उभारतंय का, त्याची उंची किती, याची बातमी काढायला त्याने स्वतःच्या मुलाला हेर म्हणून पाठवलेलं असतं. एवढं सगळं होईपर्यंत ज्याच्या नावाने किल्ला बांधायचा त्याला कोणता किल्ला हवा, हे विचारायचं राहूनच गेलेलं असतं.

विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं. मुलाला असा किल्ला हवा असतो ज्यावर गुहा आहे, गुहेत वाघ आहे आणि वर जायला गाडीचा रस्ता आहे. असा किल्ला सह्याद्रीत नाही. किल्लेदाराला राजगड करायचा असतो. पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तीन माच्या, मध्ये बालेकिल्ला, आणि संजीवनी माचीची ती प्रसिद्ध दुहेरी तटबंदी, एका भिंतीच्या आत दुसरी भिंत. हे सगळं अडीच फुटांत आणि चिखलात. दुहेरी तटबंदी पहिल्या दिवशी संध्याकाळी एकेरी होते, दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा उतार होतो, आणि मग 'आपण रायगड करू' असा निर्णय जाहीर होतो. रायगडाला महादरवाजा आलाच. तो खऱ्या गडावर दोन बुरुजांच्या आड लपलेला आहे, समोरून येणाऱ्याला दिसू नये म्हणून. किल्लेदार तो तसाच करतो, म्हणजे लपवतो. बघायला येणारा प्रत्येक माणूस विचारतो, "दरवाजा कुठंय?" तेव्हा त्याचा चेहरा असा उजळतो की शत्रूचा वेढाच उठला. मुलाचं मत वेगळं असतं. "बाबा, दरवाजा दिसलाच नाही तर आपण केला कशाला?" या प्रश्नाला गनिमी काव्याच्या इतिहासात उत्तर नाही.

मग प्रमाणाचा प्रश्न येतो. कुंभारवाड्यातून आणलेला मावळा तीन इंचांचा असतो. साडेपाच फुटांचा माणूस तीन इंचांचा झाला म्हणजे बाविसाव्या हिश्शावर आला. रायगड समुद्रसपाटीपासून सुमारे २७०० फूट उंच. त्या हिशोबाने पार्किंगमधला रायगड १२० फुटांवर जायला हवा, म्हणजे सोसायटीच्या गच्चीच्याही वर. हा हिशोब किल्लेदार खरोखर करतो, बोटांनी हवेत करतो, आणि खिन्न होतो. त्या मावळ्यांबरोबर त्याच दुकानातून डोक्यावर पाटी घेतलेली भाजीवाली, वासुदेव, एक गवळण आणि तिच्याहून लहान गाय असा लवाजमा आलेला असतो. सिंहासनावर बसलेले महाराज नगारखान्यापेक्षा उंच असतात. मुलाला याचं काहीच वाटत नाही. त्याने बाजारपेठेत आपली लाल शर्यतीची गाडी लावलेली असते आणि टकमक टोकावर प्लॅस्टिकचा सिंह. "रायगडावर सिंह नव्हते," असं बाप तीनदा सांगतो. मुलगा जरा विचार करतो आणि म्हणतो, "मग तो पाहुणा आलाय असं म्हणू."

माझ्या म्हणण्याचं मर्म या उत्तरात आहे. वर्षभर त्या घरात हट्ट कोण करतं आणि समजूत कोण काढतं याची वाटणी ठरलेली असते. भाजी खाण्यावरून, मोबाइलवरून, झोपण्यावरून मुलगा अडतो आणि बाप मनधरणी करतो किंवा आवाज चढवतो. किल्ल्याच्या पाच-सहा दिवसांत ही वाटणी बरोबर उलटी होते. सिंह काढ म्हणून बाप अडून बसतो. गाडी दिसली की बाप रुसतो. जेवायला चला म्हणून तीन हाका मारल्या तरी बाप उठत नाही, कारण बुरुजावर गिलावा चढवायचा असतो. आणि नऊ वर्षांची मुलगी किंवा सात वर्षांचा मुलगा, आयुष्यात पहिल्यांदा, एका मोठ्या माणसाची समजूत घालतो: "असू दे बाबा, हा बुरूज पडला तर पडला, आपण त्याला पडका बुरूज म्हणू." बाप आपल्यापेक्षा मोठा आहे हे मुलाला जन्मापासून माहीत असतं. तो आपल्यासारखाही आहे, हे कळायला इतकी स्वस्त जागा दुसरी नाही. अभ्यास घेताना बापाला उत्तर माहीत असतं, निदान तो तसं दाखवतो. चिखलाच्या बाबतीत ही सोय नसते. भिंत उभी राहते किंवा बसते, आणि बसली तर सगळ्या पार्किंगसमोर बसते.

यावर शिक्षणाची आस्था असलेली मंडळी म्हणतील, की यात मुलाची कल्पकता मारली जाते. त्याला गुहा हवी होती, त्याच्या हाती आला रायगड. आक्षेप वजनदार आहे, पण तो किल्ल्याची फक्त दर्शनी बाजू बघून घेतलेला आहे. कोणत्याही किल्ल्याच्या मागे, भिंतीच्या बाजूला जाऊन वाकून बघावं. किल्लेदार लिंपता लिंपता थकून जिथे थांबलेला असतो, तिथे विटा आणि गोणपाट उघडं पडलेलं असतं, आणि तिथे बोटांनी कोरलेली गुहा असते. तिच्यात वाघ, एक तुटकी पणती, दोन गोट्या आणि फुटक्या फटाक्याचा कागद. दुसऱ्या विंगमधल्या दोस्तांना आधी हा भाग दाखवला जातो आणि मग, सवड असली तर, रायगड. मुलाच्या कल्पकतेला अख्खी जागा लागत नाही, लक्ष नसलेली जागा लागते. सगळा किल्ला मुलाच्या ताब्यात देऊन शेजारी उभं राहून 'वा, छान' म्हणणारा बाप ती जागाही शिल्लक ठेवत नाही. मला विचाराल तर स्वतःच्या कामात बुडालेला, पोराकडे दुर्लक्ष करणारा किल्लेदार या कौतुक करणाऱ्या बापापेक्षा पुष्कळ बरा.

स्पर्धेचं मात्र समर्थन करता येत नाही, आणि मी करणारही नाही. मंडळाने किल्ला स्पर्धा ठेवली की सगळा तोल जातो. परीक्षक येतात, हातात फॉर्म असतो, आणि मुलाला 'माहिती सांग' म्हणतात. मुलगा छातीशी हात बांधून, डोळे छताकडे लावून सुरू होतो, "रायगड हा किल्ला महाड तालुक्यात असून इसवी सन १६७४ मध्ये..." आणि इथे गाडी अडते. मागे उभा असलेला किल्लेदार ओठांनी, भुवयांनी, शेवटी दोन्ही हात डोक्यावर नेऊन राज्याभिषेक सुचवतो. परीक्षक ते बघून न बघितल्यासारखं करतात, कारण त्यांच्याही घरी एक किल्ला असतो. जुलै २०२५ मध्ये साल्हेरपासून जिंजीपर्यंतचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हापासून या पाठांतरात एक वाक्य वाढलं आहे. मुलं ते 'युनिस्को' असं म्हणतात आणि बाप खाकरतो. या दहा मिनिटांत तो पुन्हा अभ्यास घेणारा बाप होतो, मुलगा पुन्हा विद्यार्थी, आणि आधीच्या पाच दिवसांची कमाई तेवढ्यापुरती बुडीत खाती जाते. बक्षीस बहुधा 'डी' विंगला मिळतं. तिथे सलाईनच्या नळीचं कारंजं असतं. वर ग्रिलला बाटली टांगायची, नळी मातीखालून काढायची आणि तळ्यात सोडायची. रायगडाच्या कोणत्या भागात असं कारंजं होतं, असा प्रश्न किल्लेदार आठवडाभर भेटेल त्याला विचारत राहतो.

आणखी एक आक्षेप आहे, तो मला मान्यच करावा लागतो. हा सगळा खेळ बापाचाच का? आई कुठे असते? आई चकली तळत असते. दिवाळीच्या ज्या दिवसांत किल्लेदाराचं बालपण परत येतं, त्याच दिवसांत तिच्याकडे भाजणी, अनारशाचं पीठ, पडदे आणि पाहुणे आलेले असतात, आणि वर लिफ्टपासून बाथरूमपर्यंत उमटलेले चिखलाचे चार पाय, दोन मोठे आणि दोन लहान. शिवकाळात गडाचा कारभार एकट्याच्या हाती नसे. हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तिघे अधिकारी असत आणि कारखानीस कोठार सांभाळी. आमच्या या गडावर हवालदारी आणि सरनोबती बापाने घेतलेली असते. सबनिशी आणि कोठार आपोआप तिच्याकडे जातं: मोहरी किती नेली, गेरू कुठला काढला, रांगोळीचा डबा परत आला का. अळीव तर थेट तिच्या लाडवांच्या वाट्यातलं जातं. पेरल्यावर तीन-चार दिवसांत गड हिरवा होतो आणि लाडू त्या प्रमाणात कमी होतात. यावर 'अहो, तिला आवड नसते' असं उत्तर किल्लेदार देतो. ते पोकळ आहे. बसायला रिकामे दोन तास मिळाले तर तिलाही सिंहगड येतो, आणि बऱ्याच घरांत तो अधिक सुबक येतो, कारण दरवाजा कुठे लपवायचा यापेक्षा भिंत कशी उभी राहील याकडे तिचं लक्ष असतं. किल्लेदारीचा अधिकार बापाला निसर्गाने दिलेला नाही. चकलीच्या सोऱ्याला त्याने हात लावायचा नाही, या घरच्या वहिवाटीने तो मिळालेला आहे. तेव्हा 'बाप' हा शब्द मी इथे वहिवाटीप्रमाणे वापरतो आहे. पुढेमागे त्याजागी 'आई' आली तर माझा मुद्दा तसूभरही हलत नाही, फक्त चकल्या जरा जाड येतील.

राहिला तयार किल्ल्यांचा प्रश्न. रस्त्याकडेला प्लॅस्टरचे रंगवलेले किल्ले मिळतात, पायऱ्या-बुरुजांसकट, गॅलरीत ठेवायचे, दिवाळी झाली की माळ्यावर टाकायचे. माती मिळत नाही, जागा नाही, सेक्रेटरी ओरडतात, या अडचणी खऱ्या आहेत आणि ज्याला वेळच नाही त्याने तो आणला तर नाक मुरडायचं कारण नाही. पण त्या किल्ल्यात भांडायला काही उरत नाही. दरवाजा आधीच समोर असतो. सिंहाला जागा नसते, कारण उतार गुळगुळीत असतो आणि तो घसरतो. पडका बुरूज म्हणायला एकही बुरूज पडत नाही. बाप त्यात माळ सोडतो, मूल मावळे लावतं, अर्ध्या तासात दोघे आपापल्या पडद्यांकडे परततात, आणि कुणालाच कुणाची समजूत घालावी लागत नाही.

मातीच्या किल्ल्याचा शेवटचा वाद तुळशीच्या लग्नानंतर होतो, आणि त्यात किल्लेदार ठरलेला हरतो. त्याला विटांचा पाया पुढच्या वर्षासाठी ठेवायचा असतो, निदान तटबंदी तरी. तो ताडपत्रीची भाषा करतो, सेक्रेटरींशी बोलून बघतो म्हणतो. मुलाने मात्र दिवाळीच्या फटाक्यांतला एक सुतळी बॉम्ब याच कामासाठी चपलांच्या कपाटात लपवलेला असतो आणि त्याची जागाही पहिल्या दिवसापासून हेरलेली असते: मागची गुहा. ती कोरली होती कशासाठी, हे किल्लेदाराला तेव्हा समजतं. "बाबा, मावळे काढून घ्या, आणि जरा लांब उभे राहा," असं त्याला सांगितलं जातं. तो मावळे काढतो, महाराजांना रुमालात गुंडाळतो, आणि सिंहही उचलून खिशात टाकतो.