‘अजून जीव आहे’ संप्रदाय

जुन्या कपड्यांतून नव्या वस्तू घडवणाऱ्या माणसांचा एक संप्रदाय मराठी मुलखात फार पूर्वीपासून नांदत आहे, आणि त्याची ओळख करून देण्याचे वास्तविक कारण नाही. ज्या वाचकाला आपल्या घरात असा अनुयायी नाही असे वाटत असेल, त्याने आपली तपकिरी पँट अखेरची कोठे पाहिली होती एवढेच आठवावे. संप्रदायाचा मंत्र तीन शब्दांचा आहे : ‘अजून जीव आहे.’ विटलेली चादर, काठ सुटलेली साडी, एकच बाही उरलेला स्वेटर यांपैकी कशाविषयीही तो एकदा उच्चारला गेला, की ती वस्तू टाकून देण्याचा अधिकार घरातील कोणासही उरत नाही आणि तिची रवानगी पलंगाखालच्या गाठोड्यात होते. संप्रदायात पुरुषही आहेत, परंतु त्यांचा विचार पुढे दोन वाक्यांत उरकता येईल. अभ्यासाला खरा योग्य नमुना म्हणजे काकू.

काकूंची परीक्षापद्धती वैद्याच्या नाडीपरीक्षेसारखी आहे. कापड दोन्ही अंगठ्यांखाली धरून आधी आडवे ताणायचे, मग उभे ताणायचे, मग खिडकीशी नेऊन उजेडासमोर धरायचे आणि ‘बसायच्या जागी विरलंय, पण पोटऱ्यांपाशी जीव आहे अजून’ असा निर्णय द्यायचा. (विरणे म्हणजे धागे न तुटता कापड पातळ होणे, फाटणे ही त्यापुढची अवस्था होय, आणि निम्मे जग या दोहोंत गफलत करते असे काकूंचे मत आहे.) अडचण एवढीच, की हा निर्णय दिला जातो तेव्हा पँट बहुधा काकांच्या अंगावर असते. आपल्या पोटऱ्यांवर खिळलेली नजर ओळखून काका मुकाट्याने आत जातात आणि लुंगी नेसून बाहेर येतात. पण लुंगी सुती असल्यामुळे काकूंना ती अधिकच पसंत पडते. पाहुण्यांचीही यातून सुटका नाही. झिजलेली कॉलर उसवून, तिची बाजू पालटून पुन्हा शिवण्याला कॉलर उलटवणे म्हणतात, आणि ‘उलटवून घ्या, आतून अगदी नवी आहे’ हा सल्ला साखरपुड्याच्या दिवशी होणाऱ्या व्याह्यांनाही मिळू शकतो.

हा स्वभाव आकाशातून पडलेला नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ साली, सुती कापडावर सरकारी नियंत्रण आले, आणि त्या टंचाईत संसार केलेल्या बायकांनी आपल्या मुलींच्या हाती पाटीच्या आधी सुई दिली. त्या शाळेत सुती लुगड्याचा आयुष्यक्रम ठरलेला असे. नेसून विरले की त्याची बाळासाठी दुपटी होत. उरलेले पट्टे थरावर थर अंथरून धावदोऱ्याने, म्हणजे सुई खालीवर करत सरळ रेषेत घातलेल्या साध्या टाक्याने, शिवले की गोधडी होई, जिला कोल्हापूरकडे वाकळ म्हणतात. आणि गोधडीही थकली की तिचे पायपुसणे होई. काकडआरतीच्या काकड्यासाठी, म्हणजे तुपातेलात भिजवून पेटवायच्या कापडी वातीसाठी, मात्र पायपुसण्याआधीच्या अवस्थेतील तुकडा राखून ठेवलेला असे, कारण देवापुढे पायपुसणे जाळण्याइतकी काटकसर संप्रदायालाही मान्य नाही.

या सुरळीत अध्यात्माला पहिला धक्का टेरीकॉटने दिला. पॉलिएस्टर आणि सूत यांच्या मिश्रणाचे हे कापड १९७०च्या दशकात घरोघरी पोचले, आणि काकूंपुढे मोठा तात्त्विक पेच उभा राहिला. कारण टेरीकॉट विरत नाही, फाटत नाही, रंगही सोडत नाही, म्हणजे त्यात जीवच जीव आहे, परंतु ते पाणी टिपत नाही. आत्मा अमर असतो हे खरे, पण तो लादी पुसायच्या उपयोगाचा नसतो.

अशा अमर पँटींसाठी बोहारीण असते. जुने कपडे घेऊन त्यांच्या बदल्यात स्टीलची भांडी देणारी ही फिरती व्यापारी स्त्री म्हणजे काकूंची एकमेव तुल्यबळ प्रतिस्पर्धी होय. ‘ताई, ह्यात काय राहिलंय?’ असे ती पँट झटकत विचारते. ‘जीव आहे अजून!’ असे काकू ठासून सांगतात. त्यावर ‘मग ऱ्हाऊ द्या की घरातच’ एवढे बोलून ती पाटी उचलू लागते, आणि मंत्राचा पराभव होण्याचा हा एकच ज्ञात प्रसंग असतो. पाच पँटींवर ठरलेला डबा शेवटी झाकणाशिवाय मिळतो, कारण काकूंनी पँटींची बटणे, हूक आणि चेन आदल्या रात्रीच कापून ठेवलेल्या असतात आणि ते बोहारणीच्या लगेच ध्यानात येते.

कापडाच्या पुनर्जन्माची कारखानी आवृत्ती पाहायची तर पानिपतला जावे. मराठी माणसाला हे गाव १७६१ पुरतेच ठाऊक असते. पण आज तेथे देशोदेशीचे टाकलेले लोकरी कपडे फाडून, पिंजून, त्या तंतूंचे पुन्हा सूत काढून ब्लँकेटे विणण्याचा प्रचंड धंदा चालतो. अशा पुनर्जात लोकरीला शॉडी म्हणतात, आणि ती काढण्याची युक्ती यॉर्कशरमधील बॅटली गावच्या बेंजामिन लॉ याने १८१३ साली शोधली. हा इतिहास ऐकवल्यावर काकूंचा प्रश्न एकच असतो : ‘फाडायच्या आधी बटणं काढून घेतात ना?’

पुराणकथाही त्या याच दृष्टीने ऐकतात. कृष्णाचे बोट कापले तेव्हा सुभद्रेच्या घरी चिंधी सापडली नाही आणि द्रौपदीने अंगावरचे भरजरी वस्त्र फाडले, ही लोककथा कीर्तनात आली की सभा गहिवरते. काकू मात्र अस्वस्थ होतात. सुभद्रेने चिंध्यांचे गाठोडे ठेवले नव्हते हा तिचा गलथानपणा तर खराच, पण धडधाकट वस्त्र जरीसकट फाडायचे, म्हणजे द्रौपदीचेही चुकलेच.

निर्मितीच्या बाबतीत काकूंचा हात बरा आहे असे नाइलाजाने नमूद करावे लागते. काकांच्या निळ्या रेघांच्या शर्टाची त्यांनी केलेली पिशवी पाहण्यासारखी आहे : बाह्यांचे बंद, खालची शिवण दुहेरी, पुढची बटणपट्टी जशीच्या तशी आणि खिसाही जागच्या जागी, सुट्ट्या पैशांसाठी. ही पिशवी घेऊन काका मंडईत जातात, भाजीवाली उरलेले पाच रुपये परस्पर त्या खिशात घालते, आणि वाटेत भेटलेले जुने सहकारी काकांकडे न पाहता पिशवीकडे पाहून ‘बरेच दिवसांनी!’ असे म्हणतात.

पुरुष अनुयायांची वस्ती पुण्याच्या जुन्या बाजारात आणि मुंबईच्या चोर बाजारात असते, व शिवणयंत्राच्या बिडाच्या पायांवर फळी बसवून केलेले टेबल हे त्यांचे सर्वमान्य कार्य होय. त्या टेबलावर गुडघा न आपटता कोणी जेवल्याचे ऐकिवात नाही.

एवढी चेष्टा करणारे शेजारी मात्र घरात बाळ आले की काकूंचेच दार वाजवतात. वर्षानुवर्षे धुतलेल्या सुती साडीची मऊ दुपटी दुकानात मिळत नाहीत; तेवढे धुणे विकत मिळत नाही. दुसरे गिऱ्हाईक अधिक अवघड असते. घरातले माणूस गेले, दिवसकार्य उरकले आणि कपाट उघडायची वेळ आली, की त्याचे सदरे आणि धोतरे कोणाला द्यायला मन होत नाही, ठेवायलाही होत नाही. मग कोणीतरी ते गाठोडे संध्याकाळी काकूंच्या उंबऱ्यात ठेवून काही न बोलता जाते. या कपड्यांना काकू ताणून पाहत नाहीत, उजेडासमोर धरत नाहीत, मंत्रही म्हणत नाहीत. महिन्या-दोन महिन्यांनी गोधडी पोचती होते, तिच्यात सदऱ्याची बटणपट्टी मुद्दाम वरच्या बाजूला आलेली असते, आणि शिलाईचे विचारले तर काकू दोऱ्याच्या रिळांचे तेवढे पैसे घेतात.

आता हीच गोधडी चकचकीत दुकानांत ‘वारसा’ अशी चिठ्ठी लावून काही हजारांना विकली जाते. सुनेने हौसेने तेथे नेलेल्या काकू ती उलटीपालटी करतात, टाके नखाने चाचपतात, दोन अंगठ्यांखाली धरून ताणतात, आणि कोरे कापड मुद्दाम तुकडे करून, धुऊन विटवून हे केले आहे हे त्यांच्या लक्षात येते. विक्रेती मुलगी परंपरेविषयी बोलत असते. काकू तिचे सगळे ऐकून घेतात आणि मग कातरणाचे, म्हणजे बेतताना उरलेल्या तुकड्यांचे, तुम्ही काय करता असे विचारतात. फेकून देतो, असे उत्तर येते. ‘अगं, जीव आहे त्यात अजून!’ असे ओरडून काकू काकांकडे हात पसरतात, आणि काका निमूटपणे निळ्या रेघांची पिशवी पुढे करतात.