नमुना आणलाय का?

वाईच्या आमच्या घरामागच्या विहिरीवर आजोबांनी बसवलेला बिडाचा हापसा आहे. गेल्या चैत्रात त्यानं पाणी द्यायचं बंद केलं. दांडा दाबला की आतून नुसतं 'खर्र... फुस्स'. पूर्वी वरून तांब्याभर पाणी पाजलं की बिचारा सकाळ निभावून न्यायचा. मग तांब्याची कळशी झाली, कळशीची बादली झाली, आणि एके दिवशी लक्षात आलं, की मी घालतोय त्याहून कमी पाणी तो परत देतोय. असा व्यवहार मी यापूर्वी फक्त धाकट्या मेव्हण्याशी केला होता.

"वायसर गेलाय," आई ओसरीवरूनच म्हणाली. वयाच्या ८१व्या वर्षी तिला माणसं ओळखू येत नाहीत, पण आवाज ओळखू येतात.

वायसर म्हणजे दट्ट्यावरची चामड्याची वाटी. हापसा पाणी ओढतो असं आपल्याला वाटतं, पण तसं नसतं. वाटी वर सरकली की खाली पोकळी होते आणि बाहेरची हवा विहिरीतलं पाणी नळीत ढकलते. हवेचा जोर कागदावर १० मीटरपर्यंत, व्यवहारात सातेक मीटर. आमच्याकडे कृष्णामाई शेजारी, त्यामुळे पाणी तेवढ्यात मिळतं. फक्त वाटीची कड नळकांड्याला घट्ट चिकटून हवी. वरून पाणी पाजायचं ते याचसाठी, चामडं भिजून फुगावं म्हणून. आमची वाटी मात्र फुगण्याच्या पलीकडे गेली होती. खोलून काढली तर हातात आली ती शिळ्या थालीपिठाची कड.

गावातला प्लंबर म्हणाला, "सबमर्सिबल टाका, साहेब." वीज गेल्यावर काय करायचं, असं विचारलं तर म्हणाला, "इन्व्हर्टर टाका." थोडा वेळ थांबलो असतो तर त्यानं घरही नवीन टाकायला सांगितलं असतं.

पुण्यात परतल्यावर बोहरी आळी गाठली. पहिल्या दुकानात प्रश्न आला, "नमुना आणलाय का?" नमुना वाईला राहिला होता. घरी येऊन सांगितलं तर बायको म्हणाली, "म्हणजे काय? नमुना स्वतःच गेला होता की!"

पुढच्या खेपेला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नमुना नेला. काउंटरवर ठेवला की दुकानदार एक पाऊल मागे सरकायचे. एकानं सरकारी हापशाचा वायसर दाखवला, मार्क टूचा. त्या पंपाचं मूळ आपल्या सोलापूरचं, म्हणून मला उगाच आपलेपणा वाटला. पण त्याचं नळकांडं अडीच इंची, आमचं तीन. दुसऱ्याकडे रबरी होता, ७५ मिलिमीटरचा. "तीन इंचच समजा," तो म्हणाला. तीन इंच म्हणजे ७६.२. तेवढ्या १.२ मिलिमीटरमधून आमची सगळी हवा पळाली. देशानं १९५६ साली दशमान पद्धतीचा कायदा केला, त्याची नोटीस आमच्या हापशाला अजून मिळालेली नाही. जुन्या बाजारात दोन रविवार आणि एक बुधवार घालवला. तिथं मला एक पितळी घंटा, कंदिलाची काच आणि कुणाच्या तरी लग्नाचा अल्बम मिळाला. वायसर नाही.

शेवटी आईच फोनवर म्हणाली, "अरे, चामडं ना ते? मग चामडंवाल्याकडे जा की."

कोल्हापुरी चपला करणारे एक काका पेठेत बसतात. त्यांनी नमुना नाकाशी नेला आणि वास घेऊन म्हणाले, "बाभळीच्या सालीत कमावलेलं आहे. चांगलं होतं." माझ्या घराण्याविषयी इतकं चांगलं कुणी बोललं नव्हतं. त्यांनी चामड्याची चकती रात्रभर भिजवली, लाकडी ठोकळ्यावर ओढून तिची वाटी केली, वाळल्यावर कड रापीनं सारखी केली. मी न्यायला गेलो तर समोर दोन वायसर.

"मी एकच सांगितला होता."

"आमच्यात नग जोडीनंच जातो," काका म्हणाले. "एक घेऊन काय लंगडत जाणार?"

पहिला वायसर गोडेतेलात मुरवून बसवला. पाचव्या हापशाला पाण्याची धार थेट माझ्या चपलांवर पडली. दुसरा वायसर कोरडा ठेवला तर आखडतो, म्हणून आईनं तो तेलात बुडवून काचेच्या बरणीत घातला आणि फडताळात लोणच्यांच्या रांगेत ठेवून दिला. परवा पाहुणे आले होते. त्यातल्या एका काकूंनी बरणी उजेडात धरून विचारलं, "हे कसलं हो?"

"जुन्या पद्धतीचं आहे," आई म्हणाली. "अजून मुरायचंय."