श्रीखंड आणि श्रीखंडे

नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरी गावच्या भारतीय किराणा दुकानात श्रीखंड हमखास मिळतं. श्रीखंडे कोण, हे मात्र रांगेतल्या मराठी माणसाला विचारून पाहा! गणितज्ञ शरदचंद्र शंकर श्रीखंडे यांनी इथून गाडीनं अर्ध्या तासावरच्या चॅपेल हिलच्या विद्यापीठात १९५० साली डॉक्टरेट मिळवली. पुढे १९५९ साली बोस आणि पार्कर या सहकाऱ्यांच्या साथीनं थोर गणिती ऑयलरचं १७८२चं भाकीत धुळीला मिळवलं: दहा बाय दहाचा ग्रीको-लॅटिन चौरस (प्रत्येक घरात दोन चिन्हांची जोडी; कुठलीही जोडी दोनदा नाही, आणि एकाच ओळीत वा स्तंभात एकही चिन्ह दोनदा नाही) होऊच शकत नाही म्हणे! झाला. बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर.

आपल्या माणसाच्या या अभिमानाच्या भरात मीही परवा ग्रुप थिअरीवरच्या, म्हणजे गणितातल्या गटांवरच्या, एका व्याख्यानाला गेलो. तिसऱ्या स्लाइडला वक्ते म्हणाले, ‘हे तर उघडच आहे.’ सगळ्यांनी माना डोलावल्या. सवाई गंधर्व संगीत महोत्सवात राग न ओळखता आपण डोलावतो, अगदी तशाच. शेवटी एकानं विचारलं, ‘गट अनंत असला तर?’ वक्ते म्हणाले, ‘उत्तम प्रश्न!’ म्हणजे उत्तर नाही.

चहा मात्र छान होता, आणि फुकट.

आमच्या मराठी मंडळाच्या चॅट ग्रुपवर मुलांच्या कोडिंगच्या क्लासची चौकशी रोज होते. पण श्रीखंडे २०२० साली, वयाच्या एकशे दोनाव्या वर्षी गेले, तेव्हा ग्रुपवर आंब्याच्या पेटीचा भाव चालला होता.